गहू कापणीला येण्याआधी एकदा शेतात उतरा



नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वेळेवर पेरलेला गहू आता चिकात आला आहे. पाण्याच्या शेवटच्या पाळ्या चालू आहेत. खतं देऊन झाली, खुरपणी कधीच उरकली, त्यामुळे गव्हात जायला काही कारण उरलेलं नाही. घरातली सगळी माणसं कांदा, हरभरा, ऊसतोड यांच्या मागे आहेत. नेमक्या याच दिवसांत आपल्या गव्हात एकदा आतून फिरा, एवढं मागणं मागायला मी हे लिहितो आहे. बांधावरून नजर टाकून भागणार नाही. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, सहा-सहा फुटांचा पट्टा धरून चाला. गव्हाहून वेगळी ओंबी दिसली की थांबा. गवत असेल तर मुळासकट उपटा, पोत्यात भरा आणि शेताबाहेर न्या. हे येत्या आठ-दहा दिवसांत व्हायला हवं. त्यानंतर दाणे झडू लागतील, आणि मातीत पडलेला दाणा पुन्हा वेचता येत नाही.

गुल्लीदंडा आणि जंगली ओट या दोन गवतांसाठी ही धावपळ आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात गव्हाला आजवर त्रास दिला तो मुख्यतः चाकवत, चांदवेल, हरळी, लव्हाळा आणि काळ्या रानात कुंद्याने. ही तणं आपल्या ओळखीची आहेत. ती दिसतात आणि दिसतात म्हणून निघतात. गुल्लीदंडा आणि जंगली ओट आपल्याकडे पंजाब-हरियाणाइतके माजलेले नाहीत, आणि म्हणूनच आज त्यांच्यावर हात टाकण्यात अर्थ आहे. शेतात दहा-वीस झाडं असताना ती उपटायला एक सकाळ पुरते. ती सगळ्या रानात पसरली की कितीही मजूर लावले तरी काम संपत नाही, आणि मजूर तरी कुठे मिळतात?

आधी ओळख पटवून घेऊ. गुल्लीदंड्याचं रोप लहानपणी हुबेहूब गव्हासारखं दिसतं, म्हणून खुरपणीत ते सुटून जातं. नीट पाहिलं तर पान किंचित फिकट असतं आणि खोड बुडाशी तांबूस-जांभळट असतं. तिथे मोडलं तर लालसर रस दिसतो. गव्हाच्या पानाचा जिथे खोडाशी सांधा असतो, तिथे खोडाला कवटाळणारे दोन बारीक कान असतात. गुल्लीदंड्याला ते नसतात, त्या जागी पातळ पांढरट पडदा असतो. ही खूण डिसेंबरात उपयोगी पडते. आता फेब्रुवारीत ओळखायला ओंबीच पुरे. बाजरीचं कणीस बोटाच्या दोन-तीन पेरांएवढं लहान केलं तर जसं दिसेल तशी ती दिसते: घट्ट, गोलसर, फिकट हिरवी, कुसळं नसलेली. जंगली ओट लांबूनच कळतो. तो गव्हाच्या वर डोकं काढतो, त्याचा तुरा मोकळा आणि लोंबता असतो आणि दाण्यांना काळपट, मध्येच कोपरात वाकलेलं, पीळ पडलेलं कुसळ असतं. हवेतल्या ओलाव्याने ते कुसळ फिरतं आणि दाण्याला मातीत ढकलतं. तो स्वतःला पेरतो, आपल्याला काही करावं लागत नाही.

दोन्ही गवतं गव्हाच्या आधी पिकतात. गुल्लीदंड्याची ओंबी शेंड्याकडून पिकत येते आणि पिकेल तसतशी झडते. गव्हाला विळा किंवा हार्वेस्टर लागेपर्यंत तिचे बरेचसे दाणे खाली गेलेले असतात. एका झाडाला काही शे दाणे धरतात. गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण 40 ग्रॅम भरतं, गुल्लीदंड्याच्या हजार दाण्यांचं जेमतेम 2 ग्रॅम. एवढा हलका दाणा पाटाच्या पाण्याबरोबर वाहतो, भुशात अडकतो, चाकाच्या चिखलात बसतो. आणि तो सगळा पुढच्या वर्षी उगवत नाही. काही भाग मातीत दबून राहतो आणि पुढची काही वर्षं थोडा थोडा वर येत राहतो. म्हणून या हंगामात एकही ओंबी झडू न देणं हे पुढच्या कोणत्याही फवारणीपेक्षा मोलाचं काम आहे.

उपटलेलं गवत बांधावर टाकू नका, उकिरड्यात तर मुळीच नको. दाणा अजून दुधाळ असेल तर ते हिरवं असतानाच जनावरांना घाला. दाणा कडक झाला असेल तर पोत्यासकट वाळवून जाळा किंवा खोल खड्ड्यात पुरा. एखाद्या ठिकाणी गवत इतकं दाट असेल की उपटणं शक्य नाही, तर तेवढा तुकडा गव्हासकट कापून चाऱ्याला घाला. हे जिवावर येतं, मला ठाऊक आहे. उभा गहू कापायचा म्हणजे हात थरथरतो. पण हिशेब करून पाहा. एका गुंठ्यात चांगल्या बागायती शेतातही चाळीस किलोच्या आसपासच गहू निघतो. त्या गुंठ्यातून झडणारं बी पुढच्या हंगामात सबंध एकर घेरू शकतं.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते ठरलेलं असतं: "तणनाशक आहे की!" हरियाणाचा शेतकरीही हेच म्हणत होता. त्याचं पुढे काय झालं, ते प्रत्येक गहू उत्पादकाला माहीत असायला हवं.

हरितक्रांतीच्या काळात बुटक्या जातींचा गहू आला. उंच देशी गहू तणाला सावलीत दाबून ठेवत असे. बुटक्या गव्हात तणाला ऊन मिळू लागलं, पाणी मिळू लागलं, युरिया मिळू लागला. भातामागे गहू, गव्हामागे भात असं चक्र पंजाब-हरियाणात बसलं आणि गुल्लीदंड्याला, ज्याला हरियाणात मंडूसी म्हणतात, हवं तसं रान मिळालं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आलं. ते स्वस्त होतं, वापरायला सोपं होतं आणि मंडूसीला हमखास मारत होतं. दहा-पंधरा वर्षं लाखो शेतकऱ्यांनी दरसाल तेच मारलं. दुसरं काही करायची गरजच कोणाला वाटली नाही.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला फवारणी करूनही मंडूसी उभी राहू लागली. औषध नकली आहे, मात्रा कमी पडली, पाणी खारट होतं, अशी कारणं आधी शोधली गेली. हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातले तणशास्त्रज्ञ आर. के. मलिक आणि समुंदर सिंह यांनी तपासून दाखवलं की दोष औषधाचा नाही, तणच बदललं आहे. गव्हाच्या झाडात आयसोप्रोट्युरॉन मोडून निरुपद्रवी करण्याची ताकद असते. म्हणून एकाच फवाऱ्याखाली गहू जगतो आणि तण मरतं. मंडूसीच्या काही मोजक्या झाडांतही तीच ताकद होती. दरवर्षी बाकीची मरत गेली, ही मोजकी उरत गेली, आणि त्यांचंच बी मातीत पडत राहिलं. काही शेतांत एका चौरस मीटरवर दोन-तीन हजार रोपं उगवली. अशा शेतांत गव्हाचा दाणा हाती लागत नाही. शेतकऱ्यांनी उभा गहू हिरवाच कापून जनावरांना घातला. दशकाच्या मध्यापर्यंत वायव्य भारतात 8 ते 10 लाख हेक्टरांवर हे तण आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासं झालं होतं. महाराष्ट्रात गहू किती क्षेत्रावर असतो? जवळपास तेवढ्याच.

मग 1997-98 च्या सुमारास नवी औषधं आली: क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन. मंडूसी पुन्हा मरू लागली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जुनीच चूक नव्या बाटलीने केली. दहा वर्षंही झाली नाहीत तोच तीही निकामी होऊ लागली. 2008 साली कर्नालच्या गहू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचून झोप उडावी असं होतं: एकाच शेतातल्या मंडूसीत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काम करणाऱ्या औषधांविरुद्ध एकत्र प्रतिकार आला होता. आज तिथे शेतकरी एका हंगामात दोन-दोन, तीन-तीन औषधं मारतो आणि तरीही शेवटी उभ्या पिकात मजूर घालतो.

ही गोष्ट एकट्या हरियाणाची नाही. इंग्लंडच्या गव्हात ब्लॅकग्रास नावाचं गवत आहे. त्याच्यातला प्रतिकार 1982 साली आढळला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या एका गवतापायी इंग्लंडचं वर्षाला सुमारे 40 कोटी पौंडांचं आणि 8 लाख टन गव्हाचं नुकसान होतं. ऑस्ट्रेलियात राय गवताने तेच केलं. तिथले शेतकरी शेवटी बियांवर आले. रे हॅरिंग्टन या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याने हार्वेस्टरमधून बाहेर पडणाऱ्या भुशातलं तणाचं बी चिरडून टाकणारं यंत्रच बनवलं. प्रयोगशाळा, पैसा, यंत्रं हे सगळं हाताशी असलेल्या देशांनाही अखेर बी पडू न देण्याचाच मार्ग धरावा लागला.

हे आपल्या शेतात येणार कसं, याकडे आता वळू. खरी निकड इथेच आहे.

पहिली वाट बियाण्याची. गव्हाच्या बियाण्यासाठी देशात जी प्रमाणीकरणाची मानकं आहेत, त्यांत दोन तणांची नावं 'आक्षेपार्ह' म्हणून घातलेली आहेत: चांदवेल आणि गुल्लीदंडा. प्रमाणित बियाण्यात या तणांचे किलोमागे जास्तीत जास्त 5 दाणे चालतात. एकरी चाळीस किलो बियाणं धरलं तर मानकात बसणाऱ्या बियाण्यातूनही एकरात दोनशे दाणे पडू शकतात. मग जे बियाणं कोणीच तपासलेलं नाही त्याचं काय? बाहेरच्या राज्यातून आलेलं, पिशवीला खूणचिठ्ठी नसलेलं, "पंजाबचा गहू आहे, उतारा बघा" म्हणून विकलं जाणारं बियाणं दरवर्षी आपल्या गावांत फिरतं. ते घेऊ नका. आपल्या मातीसाठी निफाडच्या संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान अशा जाती दिल्या आहेत, पुण्याच्या आघारकर संस्थेने एमएसीएस 6222 आणि 6478 दिल्या आहेत. खात्रीच्या ठिकाणाहून एकदा शुद्ध बियाणं घ्या, आणि घरचं राखायचं असेल तर ज्या तुकड्यात गुल्लीदंड्याची किंवा जंगली ओटची एकही ओंबी नव्हती त्याच तुकड्यातलं राखा. गुल्लीदंड्याचा दाणा चपटा, चकचकीत, काळपट-करडा आणि गव्हाहून कितीतरी बारीक असतो. चांगल्या ग्रेडरमधून तो सहज खाली पडतो. जंगली ओटचा दाणा मात्र गव्हाएवढाच लांब असल्याने चाळणीला फसवतो. तो हातानेच निवडावा लागतो. चाळल्यावर खाली जे उरतं ते कोंबड्यांना किंवा जनावरांना घालायची आपली रीत आहे. या वर्षापासून ते जाळा.

दुसरी वाट हार्वेस्टरची, आणि माझ्या मते ती आता सगळ्यांत मोठी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पंजाब-हरियाणाचे हार्वेस्टर विदर्भ, मराठवाडा, खानदेश असे गावोगाव फिरतात. ही माणसं घरदार सोडून महिनोन् महिने रस्त्यावर राहून आपला गहू काढून देतात. त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. मजूर मिळत नसताना त्यांच्याशिवाय आपला गहू घरी येणार नाही. पण हार्वेस्टर एका शेतातून निघतो तेव्हा रिकामा निघत नाही. कापणीच्या पात्यामागे, चाळण्यांवर, दाणे वर नेणाऱ्या साखळीच्या नळ्यांत, टाकीच्या कोपऱ्यांत, दाणे बाहेर टाकणाऱ्या नळीत मागच्या शेताचा माल अडकून राहतो. तोच पुढच्या शेतात पहिल्या काही फेऱ्यांत गळतो. शेताच्या तोंडाशी, जिथून हार्वेस्टर आत शिरतो, तिथेच तणाचा पहिला डाग का दिसतो याचं उत्तर हे आहे.

म्हणून हार्वेस्टर ठरवताना एकरी भावाच्या आधी एक अट घाला: शेतात शिरण्याआधी मशीन झाडून घ्यायचं. रस्त्यावर किंवा पडीक जागेवर, खाली ताडपत्री अंथरून, चाळण्या आणि नळ्यांची झाकणं उघडून, काही वेळ मशीन मोकळं चालवून आणि ब्लोअरने हवा मारून ते साफ करता येतं. अर्धा-पाऊण तास लागतो. चालकाचा तेवढा वेळ जातो, तर त्याचे पैसे त्याला द्या, हुज्जत घालू नका. गावाने मिळून ठरवलं तर काम आणखी सोपं होतं: गावात हार्वेस्टर आला की एकाच ठिकाणी तो साफ व्हावा, खाली पडलेलं सगळं तिथेच जाळावं, आणि ज्या शेतात गवत आहे ते शेत सगळ्यांच्या शेवटी कापावं. ग्रामपंचायतींनो, यासाठी ठराव लागत नाही, निधी लागत नाही. सरपंचांनी हार्वेस्टरच्या दलालाला एक फोन केला तरी पुरे.

भुसा आणि शेणखत या आणखी दोन वाटा. तण असलेल्या शेताचा भुसा विकत घेतला तर बी गोठ्यात येतं, गोठ्यातून उकिरड्यात आणि उकिरड्यातून पुन्हा शेतात जातं. खत नीट कुजलं, ढीग आतून चांगला तापला आणि एक-दोनदा उलथवला गेला, तर बहुतेक बी मरतं. अर्धकच्चं शेणखत गव्हाच्या रानात टाकू नका.

तण थोडं असताना त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची चूक आपल्या मराठी मुलखाने एकदा केलेली आहे. गाजरगवताची नोंद या देशात प्रथम झाली ती पुण्यात, 1950 च्या दशकात. परदेशातून आलेल्या धान्यासोबत ते आलं असं मानलं जातं. तेव्हा ते मूठभर जागेत होतं. कोणी लक्ष दिलं नाही. आज राज्यातला एकही रस्ता, एकही पडीक तुकडा त्याच्यावाचून राहिलेला नाही, आणि शेतकऱ्याच्या हातापायांना, श्वासाला त्याचा त्रास आहेच. गुल्लीदंडा आपल्या गव्हात त्या मूठभर अवस्थेत असतानाच काढायचा आहे.

आता फवारणीविषयी, कारण हे वाचून काहीजण उद्याच पंप पाठीवर घेतील. कृपा करून घेऊ नका. गहू ओंबीवर आल्यानंतर तणनाशक मारायचं नसतं. तणही इतकं मोठं झालेलं असतं की ते मरत नाही, आणि औषधाचा अंश आपल्या दाण्यात उतरण्याचा धोका राहतो. या हंगामात फक्त हात.

पुढच्या हंगामासाठी मात्र एक गोष्ट आजच मनात धरा. बाटलीवरचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, पिनॉक्साडेन ही गव्हात वापरली जाणारी औषधं गवताच्या शरीरातली एकच वाट अडवतात. रब्बी कांद्यात गवतासाठी मारली जाणारी क्विझालोफॉप आणि प्रोपाक्विझाफॉप हीसुद्धा तीच वाट अडवतात. नाशिक, नगर, पुणे भागात एका वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी गहू अशी पिकं फिरतात; शेतकऱ्याला वाटतं पीक बदललं, औषध बदललं, सगळं बदललं. गवताच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. दोन्ही वर्षी त्याला एकाच गटाचा मारा बसतो आणि वाचलेलं झाड त्या गटालाच सरावतं. सल्फोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, मेसोसल्फ्युरॉन यांचा गट वेगळा आहे, पण ती तिन्ही आपसांत एकाच गटाची आहेत. शिवाय सल्फोसल्फ्युरॉनचा अंश जमिनीत राहतो. गव्हामागे लगेच चाऱ्याची ज्वारी किंवा मका घेणाऱ्यांची उगवण त्याने मार खाते. पेंडीमिथॅलीन तिसऱ्याच गटाचं, पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, ओल्या जमिनीवर मारायचं. कृषी सेवा केंद्राच्या चालकांनो, आपल्या भागात तुमच्या शब्दाला विद्यापीठाच्या पुस्तिकेपेक्षा जास्त वजन आहे. गिऱ्हाईक गवतासाठी औषध मागायला आलं की एक प्रश्न विचारा: मागच्या दोन वर्षांत या रानात काय मारलं होतं? उत्तर ऐकूनच बाटली पुढे करा.

आणि मात्रा पूर्ण द्या. एका पाकिटात दोन एकर मारून पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. अर्धी मात्रा अर्धमेली झाडं मागे ठेवते. ऑस्ट्रेलियातल्या राय गवतावरच्या प्रयोगांत कमी मात्रेखाली जगलेल्या झाडांचं बी पुन्हा पुन्हा पेरून पाहिलं, तेव्हा तीन-चार पिढ्यांतच ते गवत पूर्ण मात्रेलाही दाद देईनासं झालं. तणनाशकासाठी पंपाला चपट्या फवाऱ्याचा नोझल लावा. कीटकनाशकाच्या गोल नोझलने पट्टे सुटतात, आणि सुटलेल्या पट्ट्यातलं झाड पुन्हा बी टाकतं.

खरा भर मात्र फवाऱ्याबाहेरच्या उपायांवर द्या. हरियाणाला जो काही आधार मिळाला तो त्यांतूनच मिळाला. भात काढल्यावर जमीन न उकरता थेट गहू पेरणं, पेरणी थोडी लवकर करणं, गव्हाच्या जागी मधूनच बरसीम किंवा ऊस घेणं, यांनी तिथे मंडूसीचा जोर ओसरला. जमीन हलली नाही की बरंच बी उगवतच नाही, आणि थंडी पडायच्या आधी गहू जमिनीवर आला की पुढे येणाऱ्या गवताला तो दाबतो. आपल्याकडे दुसरी एक सोय आहे: पेरणीआधी रान ओलवून घ्यायचं, आठ-दहा दिवस तण उगवू द्यायचं, वापसा आला की कुळवाने ते मोडायचं आणि मग पेरायचं. ही आपल्या आजोबांची पद्धत आहे; पाण्याच्या घाईत ती सुटली. जिथे एकदा गुल्लीदंडा दिसला तिथे पुढच्या रब्बीत गहू घेऊ नका. हरभरा घ्या, ओळीतून कोळपं चालवा. तिथे गवत लपायला जागा राहत नाही. हरळी आणि कुंदा यांचं दुखणं निराळं आहे. ती बियांपेक्षा मुळांनी पसरतात. त्यांच्यासाठी एप्रिल-मेची खोल नांगरट आणि मागून काश्या वेचणं याला पर्याय नाही.

तीन गोष्टी सांगायच्या राहतात, आणि त्या मला मनापासून महत्त्वाच्या वाटतात.

शेतातलं तण पहिल्यांदा मालक ओळखत नाही, निंदणीला येणाऱ्या बाया ओळखतात. त्यांच्या बोटांना गव्हाचं पान आणि गवताचं पान यांतला फरक कळतो. त्यांना विचारा: या वर्षी काही नवं दिसलं का? गुल्लीदंड्याची एक ओंबी हातात देऊन दाखवा आणि एक दिवसाची मजुरी देऊन त्यांनाच गव्हात फिरवा. बियाण्याच्या प्लॉटमधली भेसळ काढणाऱ्या बाया हे काम डोळे झाकून करतील. ही मजुरी वायफळ खर्च समजू नका. पुढच्या वर्षी एकच तणनाशक कमी मारावं लागलं तरी ती भरून निघते.

आणि ज्यांची जमीन गावी आहे, पण स्वतः पुण्यात, मुंबईत, नाशकात राहतात, त्यांच्यासाठी. तुमचं रान कोणी खंडाने किंवा बटईने करतो. त्याच्या हाती ते एका वर्षासाठी असतं. पाच वर्षांनंतर त्या मातीत किती बी दडलं असेल याची चिंता त्याने का करावी? ती तुमची आहे. त्याला आज फोन करा, ही निंदणीची एक फेरी घालायला सांगा आणि तिचे पैसे तुम्ही द्या. जमत असेल तर खंडाचा करार दोन-तीन वर्षांचा करा. मग तोही मातीकडे आपली म्हणून पाहील.

कृषी सहायकांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना विनंती अशी की, फवारणी करूनही गुल्लीदंडा उभा राहिल्याची तक्रार आली तर ती औषधाच्या दर्जाची म्हणून गुंडाळून ठेवू नका. त्या झाडांचं बी घ्या, ठिकाणाची नोंद ठेवा, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे किंवा आपल्या विद्यापीठाकडे तपासायला पाठवा. हिसारमध्ये शेतकऱ्याच्या तक्रारीवर विश्वास ठेवून कोणीतरी ते बी कुंडीत पेरून पाहिलं, म्हणून निदान तिथे रोगाचं नाव तरी कळलं.

बाकी सगळं पुढच्या हंगामाचं आहे. आत्ताचं काम एकच आहे. हे आवाहन सोसायटीत, दूध संकलनाच्या ठिकाणी, चावडीवर वाचून दाखवा. उद्या-परवा पाण्याची पाळी असेल तर सोबत रिकामं पोतं न्या. ओंबी सापडली की शेजाऱ्याला बोलावून दाखवा, कारण त्याच पाटाचं पाणी त्याच्याही शेतात जातं, आणि तोच हार्वेस्टर त्याच्याही शेतात येणार आहे.